अंड्यातली मावशी

जुईला अंगणात मुंगूस दिसलं तेव्हा माझी आई इचलकरंजीहून फोनच्या पडद्यावर होती. आमची सकाळ, तिची झोपायची वेळ.

"तोंड दिसलं का गं त्याचं?" आईनं विचारलं. "तोंड दिसलं की दिवस चांगला जातो. नीट बघ."

"शेपूट दिसली, आजी."

"शेपूट काय कामाची. तोंड बघ."

मुंगूस पेरूच्या झाडाखाली काहीतरी उकरत होतं. जुई पायरीवर बसून वाकून बघत होती. त्यात काही धोका नव्हता, हे मला कळत होतं. तरी तोंडातून निघायचं ते निघालंच. "जुई, आत ये."

ती लगेच आली. जुई नेहमी लगेच येते. चार वर्षांची मुलं पहिल्या हाकेला येत नसतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही हवाईच्या मोठ्या बेटावर राहतो. माझा नवरा सुश्रुत इथल्या उंच डोंगरावरच्या दुर्बिणीवर काम करतो. चार दिवस तो ढगांच्या वर असतो आणि मग खाली येऊन नुसता झोपतो. मी पुण्याला ध्वनिशास्त्रात एम.एस्सी. केलं. जुई झाल्यावर दोन वर्षं घरी बसले आणि मग शेजारच्या धुमसत्या डोंगराच्या उतारावर, पक्षी वाचवणाऱ्या एका छोट्या केंद्रात नोकरीला लागले. पक्ष्याचं नाव नेने.

हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "कोण नेने? कोकणातले का?"

"पक्षी आहे, आई. कलहंसाच्या जातीचा."

"असू दे. नाव चांगलं आहे."

मी आईला त्याचा फोटो पाठवला होता, पण फोटोत नेने कळत नाही. तो चालताना बघावा लागतो. लाखो वर्षांपूर्वी वाऱ्यानं भरकटलेले काही कलहंस समुद्राच्या मधोमध या बेटांवर उतरले आणि परत गेलेच नाहीत. इथे तळी फार नव्हती, होता तो थिजलेला लाव्हा. काळा, काचेसारखा, पायाला कापणारा. मग पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या पायांच्या बोटांमधलं पातळ कातडं कमी होत गेलं, नख्या भक्कम झाल्या, पाय लांबले. पाण्यातला पक्षी डोंगर चढायला शिकला. मानेवर त्याच्या खोल रेघा असतात, ओल्या मातीवरून कुणी बोटं ओढावीत तशा. गरम दगडांमधून तो इतका सावकाश आणि ताठ चालतो की आपण आपोआप बाजूला होतो.

एक मात्र तो शिकला नव्हता, जमिनीवरून येणाऱ्या शत्रूला घाबरायला. असा शत्रू बेटांवर नव्हताच. मग उसाच्या मळेवाल्यांनी उंदरांसाठी मुंगसं आणली. मूळची आपल्याकडची, बंगालमधून जमैकाला गेली आणि तिथून इथे आली. उंदीर फिरायचे रात्री, मुंगूस फिरायचं दिवसा. त्यांची गाठ फारशी पडलीच नाही. नेनेची अंडी मात्र दिवसाही जागच्या जागी असायची. मागे एकदा हा पक्षी जवळजवळ संपला होता. लोकांनी पिंजऱ्यात वाढवून, सोडून, त्याला परत उभा केला. आणि आता आमच्या डोळ्यांदेखत पक्ष्यांच्या तापाची साथ येऊन गेल्यावर उतारावर पुन्हा मोजकी घरटी उरली होती.

केंद्राच्या प्रमुख पुआनानी. वय साठीपुढचं, डोक्यावर कायम गवताची हॅट. त्यांना सगळे आंटी पुआ म्हणतात, मीसुद्धा. आई मुंगसाचं तोंड बघायला सांगते हे मी एकदा त्यांना सांगितलं होतं.

"तुमच्याकडे ते शुभ आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग घेऊन जा ना सगळी," त्या शांतपणे म्हणाल्या.

आमचं यंत्र म्हणजे एक अंडं. दिसायला, वजनाला, उबेला नेनेच्या अंड्यासारखंच. घरट्यातल्या खऱ्या अंड्यांमध्ये ते ठेवायचं. कागदोपत्री त्याचं लांबलचक नाव आहे. मी त्याला मावशी म्हणायला लागले, अर्थ विचारला तेव्हा सांगितला, आणि महिन्याभरात सगळं केंद्र मावशी म्हणू लागलं. आंटी पुआंना तो शब्द आवडला. त्या म्हणाल्या, "आईची बहीण अंड्यात जाऊन बसली, हे चांगलं आहे."

मावशी ज्यावर चालते ते शास्त्र साधं आहे. फुटायच्या आधीचे काही दिवस अंड्यातलं पिल्लू ऐकत असतं. बाहेर आई धोक्याची हाक देते तेव्हा ते आत गप्प होतं, त्याच्या हृदयाचे ठोके बदलतात, रक्तात भीतीचं रसायन उतरतं. शेजारच्या अंड्याला ते कवचातून कळतं, कारण घाबरलेलं अंडं थरथरतं आणि अंडी एकमेकांना टेकलेली असतात. अशी पिल्लं जन्मतःच सावध निघतात. जे शिकायला त्यांच्या पूर्वजांना हजारो पिढ्या लागल्या असत्या ते, म्हणजे मुंगसाला घाबरायचं, काही दिवसांत शिकवायचं, हे मावशीचं काम. मुंगूस अनुभवलेल्या जुन्या माद्यांची हाक आम्ही टिपली होती, मी ती साफ केली होती, आणि मावशी ती दिवसातून बऱ्याचदा कवचातून थेट शेजारच्या अंड्यांना पोचवायची आणि त्यांचे ठोके टिपायची. वर बसलेल्या मादीला त्यातलं काही ऐकू जायचं नाही.

पहिल्या हंगामात मुंगसानं एकही पिल्लू नेलं नाही. केंद्रात त्या दिवशी केक कापला होता.

मग पिल्लांची वजनं यायला लागली. ती वाढत नव्हती. नेनेचं पिल्लू जन्मल्यावर लवकरच आईमागे चालत झुडपांच्या लाल बोरांपर्यंत जातं, तेच त्याचं खाणं. मावशीची पिल्लं निघायची, पानाची सावली हलली की दबून बसायची, आणि उठायची नाहीत. आई पुढे जाऊन थांबायची, परत यायची. उन्हं कलायची. पिल्लं तिथेच.

दुसऱ्या हंगामातही तेच झालं. तिसऱ्या हंगामात केंद्राच्या मंडळाची बैठक बसली आणि ठरलं की यंदाची पिल्लं नीट वाढली नाहीत तर उतारावरची सगळी घरटी उचलायची. उरलेले पक्षी खाली, जाळीच्या छताखाली ठेवायचे. कायमचे.

बैठकीतून आल्यावर आंटी पुआ बराच वेळ हॅट हातात घेऊन बसल्या होत्या. "माझ्या आईनं यांना पिंजऱ्यातून डोंगरावर सोडलं होतं," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात जुईच्या बालवाडीच्या बाईंनी सुश्रुतला गाठलं. तो घरी आला, बूट काढले आणि दारातच उभा राहिला.

"जुई आज घसरगुंडीवर चढली," तो म्हणाला.

"पडली?"

"नाही. चढली आणि वरच बसून राहिली. सगळी मुलं घसरून गेली, डबा खायला गेली. ही वरच. बाईंनी खालून 'ये' म्हटल्यावर आली. बाई म्हणाल्या, प्रत्येक गोष्टीला ती कुणाच्या तरी तोंडाकडे बघते."

"सावध आहे. वाईट काय त्यात?"

"वाईट नाही म्हटलं मी."

"मग?"

तो कपडे बदलायला आत गेला आणि तिथून म्हणाला, "तू तिला मावशी लावून ठेवली आहेस, शाल्मली."

मी त्याच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलले नाही. नंतर बोलले, पण ताटातल्या भाजीबद्दल.

यंदा अंडी फुटायची राहिलेलं शेवटचं घरटं जुन्या लाव्हाच्या मधोमध होतं. ओघ वाहत असताना काही ठिकाणी तो दुभंगतो आणि मधला तुकडा तसाच हिरवा सोडून जातो. काळ्या समुद्रात झुडपांचं बेट. तिथे एक मादी चार अंड्यांवर बसली होती, पाचवं अंडं म्हणजे मावशी. अंड्यांत हालचाल सुरू झाली होती. कान उघडायचे दिवस हेच.

त्या दिवशी डोंगरानं गंधकाचा धूर सोडला, तो खालच्या गावावर उतरला, आणि बालवाडी बंद राहिली. सुश्रुत वर दुर्बिणीवर. मग मी जुईला बरोबर घेतलं. वारा उलटा असल्यामुळे वर हवा स्वच्छ होती. घरट्यापासून अंतरावर हिरव्या कापडाचा आडोसा होता, त्यात आम्ही दोघी बसलो. इअरफोनचा एक गोळा मी माझ्या कानात घातला, दुसरा जुईला दिला. घरट्याजवळच्या मायक्रोफोनचा आवाज येत होता, कच्चा, न गाळलेला. त्यात वारा होता आणि वाऱ्याखाली डोंगराचा घरघराट. इथे तो कधी थांबत नाही. पोटात कुणीतरी जातं ओढत असावं तसा.

"जुई, हात बाहेर काढू नकोस. दगड लागेल."

"बरं."

"आणि हलू नकोस."

"नाही हलत."

नर थोड्या अंतरावर उभा होता, मान ताठ. मग झुडपाच्या कडेनं मुंगूस आलं. मादीनं हाक दिली, तुटक, खरखरीत. मला ती पाठ होती, मी तिच्यावर महिने घालवले होते. नर पंख पसरून धावला. इतका डौलदार पक्षी असा वेड्यासारखा धावताना बघितला की अंगावर काटा येतो. मुंगूस वळलं, लाव्हाच्या भेगेत शिरलं. संपलं.

मी श्वास सोडला आणि वहीत वेळ टिपायला वाकले.

"आता ती काय म्हणाली?" जुईनं विचारलं.

"कोण?"

"ती. आधी ओरडली. मग हळूच काहीतरी म्हणाली."

"काही नाही म्हणाली, सोन्या. तो डोंगराचा आवाज आहे."

"डोंगर नाही. ती."

मी नाही म्हणणार होते. पण जुई माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. कितीतरी दिवसांनी ती माझ्या तोंडाकडे न बघता काही सांगत होती. म्हणून मी गोळा कानात घट्ट दाबला आणि डोळे मिटले.

घरघराट. त्याच्या आत, त्याच्याच पट्टीत, एक मऊ गुणगुण. थांबून थांबून. आणि मग अगदी बारीक, कवचातून, उत्तर. पीक. पीक, पीक. अंडी बोलत होती.

हातातल्या पडद्यावर मावशी चारही अंड्यांचे ठोके दाखवत होती. हाकेबरोबर ते खाली बसले होते. गुणगुण सुरू झाली तसे ते वर आले, एकामागून एक.

मी तिथेच बसून जुन्या नोंदी काढल्या. कच्च्या, मी साफ करायच्या आधीच्या. पहिली ऐकली, दुसरी ऐकली. प्रत्येक हाकेच्या मागे, कधी लगेच, कधी जरा वेळानं, ती गुणगुण होती. मी ती काढून टाकली होती. ज्वालामुखीची घरघर नको म्हणून खालच्या पट्टीतलं सगळं गाळून टाकलं होतं, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी करतात, कुणी विचारही करत नाही. डोंगराबरोबर आईचा अर्धा आवाज गेला होता. अर्धा म्हणजे नेमका दुसरा अर्धा.

म्हणजे आमची मावशी पिल्लांना दिवसभर घाबरवत होती आणि झालं, आता काही नाही, असं कधीच सांगत नव्हती. वर बसलेली मादी सांगू शकत नव्हती, कारण मावशीनं घाबरवलं हे तिला कळतच नव्हतं. पिल्लं भीती शिकून बाहेर यायची. ती संपते हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

"आई, तू रडतेस?" जुई म्हणाली.

"धूर आहे."

"धूर खाली आहे. तूच म्हणालीस."

आंटी पुआंनी दोन्ही नोंदी ऐकल्या. गाळलेली आणि कच्ची. दुसरी ऐकताना त्यांनी हॅट काढली.

"ही तर त्याचं नाव घेते आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या लोकांनी याला नेने नाव दिलं ते या गुणगुणण्यावरून. ओरडण्यावरून नाही." मग त्यांनी ती नोंद पुन्हा लावली. "पण शाल्मली, हा आवाज मावशीत घातला आणि पिल्लं पुन्हा बिनधास्त झाली तर?"

"तेही होऊ शकेल."

"उपाशी पिल्लाला मी हातानं भरवेन. मुंगसानं नेलेल्याला काय भरवणार?"

हेच वाक्य मी घरी वेगवेगळ्या शब्दांत रोज म्हणते. एकदा वाटलं, असू दे तसंच. जाळीखाली का होईना, जिवंत राहतील.

"हातानं भरवलेलं पिल्लू डोंगर चढेल का?" मी शेवटी विचारलं.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. उतार दिसत नव्हता, धुरामागे होता.

"हाक काढू नकोस," त्या म्हणाल्या. "हाक पूर्ण राहू दे. तिच्यामागे हे जोड. आणि जेवढा वेळ ती खरी मादी थांबते तेवढंच थांब. घाई नको."

मी त्याच संध्याकाळी मावशीचा आवाज बदलला. खालची पट्टी परत आणली, डोंगरासकट. वेगळी काढायचा प्रयत्न केला तेव्हा गुणगुण पातळ व्हायची, खोटी वाटायची. डोंगराच्या मांडीवर बसूनच ती पुरी होत होती. पुढचे दिवस मी पडदा बघत राहिले. ठोके खाली, ठोके वर. खाली, वर. आईचा फोन आला तेव्हा तिला म्हटलं, कामात आहे. ती म्हणाली, "एवढं काय काम असतं गं हंसांचं."

अंडी फुटली त्यानंतर दोन सकाळी गेल्या आणि मादी उठली. सुश्रुत त्या दिवशी खाली होता, तोही आला. आडोशात आंटी पुआ, तो, मी, आणि माझ्या मांडीत जुई. गंधकाचा वास होता, पण फिका.

मादी हिरव्या बेटाच्या कडेला आली आणि काळ्या दगडावर उतरली. मागे चार पिल्लं, राखाडी कापसाची. पहिलं उतरलं, दुसरं घसरलं, तिसरं त्याच्यावर पडलं. सुश्रुत हसला, आंटी पुआंनी त्याच्या गुडघ्यावर थोपटून त्याला गप्प केलं. नर सगळ्यात मागे, वरात पोचवायला निघाल्यासारखा. बोरांची झुडपं समोरच्या चढावर होती, उघड्या लाव्हापलीकडे.

ती अर्ध्यावर असताना भेगेतून मुंगूस वर आलं.

मादीनं हाक दिली. चारही पिल्लं बसली, आणि बसली म्हणजे नाहीशी झाली. राखाडी पिसं काळ्या दगडावर कुठे संपतात ते मला दुर्बिणीतूनही सापडेना. मुंगूस मागच्या पायांवर उभं राहिलं आणि मान वळवली. थेट आमच्याकडे.

"आई," जुई कुजबुजली. "तोंड दिसलं."

नर धावला. मुंगूस आणखी क्षणभर तिथेच होतं, मग त्याला ती पंखांची फडफड जास्त झाली असावी. ते उतारावरून पळालं, झुडपात शेपूट दिसली आणि गेली.

मग काहीच नाही. वारा. घरघराट. दगड आणि दगड. आंटी पुआंच्या हातातली हॅट चुरगळत होती. पिल्लं उठत नव्हती. मागच्या दोन हंगामांत आम्ही इथवर आलो होतो, आणि इथेच थांबलो होतो. मादी दोन पावलं पुढे गेली, थांबली, मान खाली केली.

ती काय म्हणाली ते आम्हाला या अंतरावरून ऐकू आलं नाही. पण एक दगड हलला. मग त्याच्या शेजारचा. पिल्लू उभं राहिलं, पंखांचे ठोंब झटकले आणि चालायला लागलं. दुसरं, तिसरं. चौथं जरा वेळ बसून राहिलं, मादी परत फिरली, त्याच्याजवळ मान नेली, तेही उठलं. ती सगळी चढावर गेली, लाल बोरांत शिरली, आणि ठोंब हलवत खायला लागली.

आंटी पुआंनी हॅट सरळ केली आणि डोक्यावर घातली. ती वाकडीच बसली.

परतताना गाडीपर्यंत लाव्हावरूनच जायचं होतं. वाट माहितीची, दगड सपाट, मधे मधे भेगा. जुईनं माझा हात सोडून पहिली भेग बघितली. माझ्या तोंडून निघालंच, "जुई, जपून."

ती थांबली. वळली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मला वाटत आलं होतं की ती घाबरून बघते. ती वाट बघत होती. इतकी वर्षं मी तिला पहिला अर्धा सांगत आले होते आणि ती प्रत्येक वेळी थांबून दुसऱ्या अर्ध्याची वाट बघत होती, पायरीवर, घसरगुंडीच्या टोकावर.

"हं," मी म्हटलं. ते हळूच निघालं. "हं. चल."

तिनं भेग ओलांडली. सुश्रुतनं माझ्याकडे पाहिलं. आंटी पुआ पुढे होत्या. जुई त्यांच्या मागे, मी तिच्या मागे, हात खिशात कोंबून.

पुढची भेग रुंद होती. जुई तिच्या काठावर थांबली. मी तोंड उघडलं. या वेळी ती वळली नाही. खाली वाकून तिनं भेगेत बघितलं, पाय कुठे ठेवायचा ते बघितलं, आणि मग स्वतःशीच, अगदी खालच्या पट्टीत, म्हणाली, "हं."

आणि पलीकडे गेली.